चाकाचा कोन, गाडीची उंची

स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटे खाली बसवली किंवा स्पेसर घालून वर उचलली, की व्हील अलाइनमेंट नव्याने करावी लागते, हे आज कोणत्याही गॅरेजात ऐकायला मिळते. मात्र उंची आणि कोन यांची ही गाठ तशी अलीकडची. ती केव्हा बसली हे पाहण्यासाठी आपण आधी युरोपातल्या घोडागाड्यांच्या कारखान्यांत जाऊ. तिथले सुतार चाकाचे आरे तुंब्यापासून किंचित बाहेर कलते बसवीत. भार झेलणारा खालचा आरा सरळ उभा राहावा म्हणून लोहार आसाचे टोक जरा खाली वाकवी, आणि चाकाचा माथा बाहेर झुके. आज आपण ज्याला कँबर म्हणतो तो असा घणाखाली ठरत असे. पाटे दबोत वा उचलोत, लोखंडात घडलेला कोन हलत नसे.

पुढचे वळण म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर या गाडी-कारागिराने दिले. सबंध आस फिरवण्याऐवजी पुढची दोन्ही चाके त्याने आपापल्या खुंटीवर फिरती केली. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस यांनी ही कल्पना अर्धशतक आधीच मांडली होती, पण ती विस्मरणात गेली. 1818 मध्ये लंडनमध्ये लांकेनस्पेर्गरच्या वतीने पेटंट घेतले ते रुडॉल्फ आकरमान यांनी. हे चित्रांचे प्रकाशक, आणि ब्रिटिश नौसेनापती नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथही त्यांच्याच आराखड्याचा. स्टिअरिंगच्या या भूमितीला नाव मात्र वकिली करणाऱ्याचेच चिकटले, हा अन्यायच. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की वेगवेगळी फिरणारी चाके जोडायला दांडा आला, आणि त्या दांड्याच्या लांबीवर चाकांची तोंडे एकमेकांकडे किती वळलेली राहतात, म्हणजे टो किती, हे ठरू लागले.

मोटारीनेही सबंध आस बराच काळ सोडला नाही. 1920च्या दशकात जाड फुगीर टायर आणि पुढचे ब्रेक आले, तशी वेगात पुढची चाके थरथरू लागली. 1922च्या लान्चिया लॅम्ब्डा मोटारीने सबंध आस सोडून प्रत्येक चाक उभ्या खांबावर वरखाली सरकते केले. चाक सरळ रेषेत हलत असल्याने कँबर बदलत नसे. मला ही युक्ती आजही देखणी वाटते. पण जग गेले दुसऱ्या वाटेने. रोल्स-रॉइसमधून आलेल्या मॉरिस ऑली यांच्या प्रयोगांतून 1934च्या कॅडिलॅकला आखूड वरची आणि लांब खालची अशी विशबोन, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दुफाट्या भुजा, आली. चाक आता कंसात डोलू लागले. टाय रॉडचे, म्हणजे चाके जोडणाऱ्या त्या दांड्याचे, टोकही स्वतःच्या कंसात फिरू लागले. हे दोन कंस एका ठरावीक उंचीलाच नीट जुळतात. गाठ बसली ती इथे.

आपल्याकडे सबंध आस आणि विशबोन या दोन्ही पिढ्या बराच काळ शेजारी नांदल्या. सबंध आसाच्या जीपला पाटे वाढवले तरी कँबर जागचा हलत नाही; कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला पुढे विशबोन होती, तिथे उंची बदलली की कँबरही हले. 1983च्या मारुती 800ने मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला खांब, घरोघरी नेला, आणि त्यासोबत एक पेचही. अशी गाडी खाली बसवली, की साधारणपणे चाकाचा माथा आत झुकतो आणि टोही बिघडतो. पण अनेक गाड्यांत कंपनीने सोय ठेवलेली असते ती फक्त टाय रॉडची. मग यंत्राच्या पडद्यावर टोचे आकडे हिरवे झाले, तरी टायर आतल्या कडेने खातच राहतो. कँबर आणायचा तर एक्सेंट्रिक कँबर बोल्ट टाकावा लागतो. जाणता मेकॅनिक नव्या स्प्रिंगा थोड्या चालवून बसू देतो, हवा सारखी करतो, बुश आणि बॉल जॉइंट हलवून पाहतो. मग कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि कँबर, आणि टो सर्वांत शेवटी, कारण कँबर हलला की टो पुन्हा सरकतो. स्टिअरिंग सरळ बांधून दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवायचे, मग लॉकनट आवळायचे.