हेज फंडातील गुंतवणूक-पद्धतींची कुळकथा

एकाच हेज फंडात, म्हणजे अशा खासगी गुंतवणूक संस्थेत, आज समभागांचे, चलनांचे आणि व्याजदरांचे सौदे करणारे स्वतंत्र गट नांदताना दिसतात. या विभागणीचा माग काढत गेल्यास वाट एका समाजशास्त्रज्ञापर्यंत जाऊन पोहोचते. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांचा जन्म 1900 साली मेलबर्न येथे झाला. हार्वर्डमधील शिक्षण, बर्लिनच्या अमेरिकी वकिलातीतील नोकरी आणि कोलंबिया विद्यापीठाची समाजशास्त्रातील डॉक्टरेट अशी वळणे घेत ते ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी लिहू लागले. शेअर बाजाराची भाकिते करणाऱ्यांच्या पद्धतींवर 1949 मध्ये त्यांनी लेख लिहिला आणि त्याच वर्षी चार मित्रांसह 1,00,000 डॉलरची भागीदारी उभी केली, ज्यात 40,000 डॉलर त्यांचे स्वतःचे होते.

जोन्स यांनी वापरलेली दोन्ही साधने जुनी होती आणि दोन्ही बदनाम होती. पहिले साधन कर्ज काढून केलेल्या खरेदीचे, तर दुसरे मंदीच्या सौद्याचे, म्हणजे उसने घेतलेले समभाग आधी विकून भाव पडल्यावर ते स्वस्तात घेऊन परत करण्याचे. सट्टेबाजांची ही दोन हत्यारे एकत्र वापरली तर जोखीम घटू शकते, हे त्यांनी हेरले. समजा, 1,00,000 डॉलरच्या भांडवलावर 1,30,000 डॉलरचे चांगले समभाग घेतले आणि 70,000 डॉलरचे कमकुवत समभाग मंदीत विकले. बाजार कोसळला, चांगले समभाग 8 टक्क्यांनी उतरले आणि कमकुवत 14 टक्क्यांनी, तर एका बाजूला 10,400 डॉलरचा तोटा आणि दुसऱ्या बाजूला 9,800 डॉलरचा नफा होऊन हिशेब अवघ्या 600 डॉलरच्या तोट्यावर मिटतो. बाजार कुठे जाणार याचा अंदाज चुकला तरी समभागांची पारख बरोबर असली म्हणजे निभावते, ही त्यातली मेख होती. अर्थात पारखच उलटी ठरली, तर तोटा दोन्हीकडून होतो.

अमेरिकेच्या 1940 च्या गुंतवणूक कंपनी कायद्याने सार्वजनिक निधींच्या कर्जावर आणि मंदीच्या सौद्यांवर कडक बंधने घातली होती. मोजक्या भागीदारांच्या खासगी संस्थेला ती लागू होत नसत, म्हणून या पद्धतीला खासगीपण जन्मतःच चिकटले. जोन्स यांनी 1952 मध्ये संस्थेला मर्यादित भागीदारीचे रूप दिले, म्हणजे बाहेरच्या भागीदारांचे दायित्व त्यांच्या भांडवलापुरते ठेवले. व्यवस्थापकाचा मोबदला नफ्याच्या 20 टक्के ठरला. पुढे त्यांनी भांडवलाचे भाग पाडून ते वेगवेगळ्या व्यवस्थापकांच्या हाती सोपवले आणि एकूण जोखमीवर नजर ठेवण्याचे काम आपल्याकडे राखले. आजच्या बहुपद्धती संस्थांचा सांगाडा इथेच तयार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

कॅरल लूमिस यांनी 1966 मध्ये ‘फॉर्च्यून’मध्ये या संस्थेच्या कामगिरीवर लेख लिहिल्यानंतर अनुकरणाची लाट आली. अनुकरण करणाऱ्यांनी 20 टक्के तेवढे तत्परतेने उचलले. तेजीच्या दिवसांत मंदीची बाजू मात्र पुष्कळांना नुसते ओझे वाटली, आणि ती टाकून दिल्यावर उरलेले कर्ज 1969-70 च्या घसरणीत त्यांच्या अंगाशी आले.

त्यानंतर शाखा फुटत गेल्या. जॉर्ज सोरोस यांच्या क्वांटम फंडाने देशांची चलने आणि धोरणे हाच विषय केला आणि 1992 मध्ये ब्रिटिश पौंडाविरुद्धचा त्यांचा डाव जगभर गाजला. ही ‘मॅक्रो’ पद्धत होय. दोन सारख्या रोख्यांच्या भावांतील तफावत मिटेल या भरवशावर सौदे करणारी शाखा याहून सोवळी भासली, पण 1998 मध्ये याच शाखेतील लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट ही संस्था बुडण्याच्या बेतात आली तेव्हा बारीक तफावतीवर काढलेले प्रचंड कर्ज किती घातक असते ते दिसले.

भारतात पाहिले तर मंदीवाले आणि बदल्याचे सौदे, म्हणजे व्यवहाराची पूर्तता पुढे ढकलण्याचे सौदे, मुंबईच्या बाजाराला नवे नव्हते. तरी अशा खासगी निधींना इथे स्वतंत्र चौकट मिळाली ती बाजार नियामक सेबीच्या 2012 च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांनी. त्यांत हेज फंड तिसऱ्या प्रवर्गात येतात आणि सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान 1 कोटी रुपये घालावे लागतात. इथे मंदीची बाजू बहुधा वायदे सौद्यांतून सांभाळली जाते, आणि निधीचे एकूण सौदे त्याच्या निव्वळ मालमत्तेच्या दुपटीपलीकडे नेता येत नाहीत. वरच्या उदाहरणातील 1,30,000 आणि 70,000 यांची बेरीजही नेमकी तेवढीच भरते.