बेबिया सांगायची ते

बेबिया म्हणजे आजी. आमच्या घरमालकिणीला सगळी गल्ली तेच म्हणे, म्हणून मीही. ह्यांच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं जॉर्जियात, तिबिलिसीच्या सोलोलाकी भागात, तिच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. माझं मोडकं रशियन, तिचे हातवारे आणि अडलं की तिच्या नातवाचं इंग्रजी, एवढ्यावर आमच्या गप्पा चालत. तेव्हा हे सारं थोडं तिचं, थोडं नातवाचं आणि थोडी माझी पदरची भर.

दुपारी लोबियो शिजायचा. राजमाच, पण मातीच्या मडक्यात, अक्रोडाचं कूट घातलेला. सोबत मचादी, म्हणजे मक्याची जाड भाकरी. पहिल्या दिवशी मेथीचा वास आला आणि मी तिला मसाल्याचे डबेच उघडायला लावले. तिकडे निळ्या फुलांची मेथी असते, तिची पूड घालतात.

राजमा निवडता निवडता गोष्ट सुरू व्हायची ती विद्यापीठापासून. १९१८ साली इवाने जावाखिश्विलींनी ते उभं केलं. त्या इमारतीच्या विटा आपल्या आजोबांनी वाहिल्या, असं बेबिया एकदा म्हणाली. नातू मागून मान हलवत होता. इमारत आधीच शाळेसाठी बांधलेली होती म्हणे. पण १४ एप्रिल १९७८ मात्र तिनं स्वतः पाहिलेला. सोव्हिएत राज्यात नव्या घटनेतून जॉर्जियन भाषेचं राजभाषेचं स्थान काढायचा घाट घातला गेला, तेव्हा विद्यार्थी रुस्तावेली रस्त्यावर उतरले. बेबिया आणि तिचे यजमान (त्यांना आम्ही बाबुआ, आजोबा म्हणायचो) तेव्हा तरणे होते. पकडलंच तर उपाशी नको म्हणून पिशवीत पाव घेऊन ती गेली होती. सरकारला माघार घ्यावी लागली. पाव परत येताना दोघांनी खाल्ला.

त्याच अभिमानाच्या पोटात दुसरी गोष्ट असे, ती मात्र हळू आवाजात. शिक्षण फुकट, पण प्रवेश? परीक्षा ज्या त्या संस्थेची, आणि परीक्षकच घरी शिकवण्या घेणारे. सोव्हिएत राज्य गेल्यावर तर ताळच सुटला. वीज नाही, खोल्यांत केरोसीनच्या शेगड्या, प्राध्यापकांचे पगार नावापुरते, तेही थकलेले. प्रवेशाचे भाव डॉलरमध्ये बोलले जाऊ लागले. जागा मिळेल तिथे पाट्या लागल्या आणि शंभराच्या वर खासगी उच्चशिक्षण संस्था निघाल्या. काखेती प्रांतातल्या तिच्या भावानं मुलीच्या वकिलीच्या प्रवेशासाठी द्राक्षमळा विकला. कधी ती अर्धा मळा म्हणे, कधी सगळा. एकदा त्यात एक गायही आली. संस्थेचं नाव तिनं कधी घेतलं नाही.

नोव्हेंबर २००३ मध्ये गुलाबक्रांतीनं सरकार बदललं, पुढच्याच वर्षाअखेरीस उच्चशिक्षणाचा नवा कायदा आला आणि जुलै २००५ मध्ये देशभर एकच प्रवेशपरीक्षा. प्रश्नपत्रिका ब्रिटनमध्ये छापलेल्या, उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी सांकेतिक खुणा, आणि वर्गात कॅमेरे. पालकांना बाहेर पडद्यावर वर्ग दिसे. बेबिया दिवसभर त्या पडद्यासमोर उभी. नातू पेन चावत होता, एवढंच तिला कळलं. त्याला प्रवेश मिळाला, वर गुणांवर सरकारी अनुदान. दमडी द्यावी लागली नाही! तिनं भावाला फोन केला. तो म्हणे बराच वेळ बोललाच नाही.

पण त्याच सुधारणेत प्राध्यापकांच्या जागा नव्यानं स्पर्धेला खुल्या झाल्या. मे २००५ मध्ये देश युरोपातल्या बोलोन्या प्रक्रियेत सामील झालेला. पदवी चार वर्षांची, पुढे दोन, मग तीन, सगळ्याला श्रेयांकांचं माप. रसायनशास्त्र शिकवण्यात केस पिकलेल्या बाबुआंनी रीतसर अर्ज केला आणि त्यांची जागा गेली. त्यांच्यासारखे बरेच होते. एकाच जेवणाच्या टेबलावर आनंदानं फुललेला नातू आणि घरी बसलेले आजोबा. मला विचाराल तर परीक्षा शंभर टक्के हवी होती. पण पाखडण्याच्या घाईत सुपातले चांगले दाणेही बाहेर उडाले.

बाबुआ माझ्याशी फारसे बोलत नसत. एकदा त्यांच्या फळीवर इरोदोव्हचं भौतिकशास्त्राच्या गणितांचं पुस्तक दिसलं. रशियन. त्याचंच इंग्रजी, सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्तात मिळालेलं, माझ्या वडिलांकडे पुण्याला होतं. हे सांगितल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि चहाबरोबर अक्रोडाचा मुरांबा. कोवळे हिरवे अक्रोड अख्खे पाकात मुरवलेले, काळेकुट्ट. तासभर ते माझ्या वडिलांबद्दलच विचारत होते.

शिकवणीचा धंदा मात्र सुधारणेला पुरून उरला. नव्या परीक्षेत सामान्य क्षमतेचा पेपर होता, तर्काचा आणि आकड्यांचा. गल्लीतली पोरं त्यासाठी बाबुआंकडे येऊ लागली. त्यांना पैसे मागायची लाज वाटे, म्हणून फी बेबिया घ्यायची. ज्याला परवडत नसे त्याच्याकडून ती अक्रोड घेई, आणि तेही फोडून, आत किडका नाही ना बघून.