साच्यातून उमटलेली नक्षी : शांगकालीन कांस्यपात्रे

चीनमधील शांग राजवटीच्या काळात (इ.स.पू. सुमारे १६०० ते १०४६) कांस्याची मौल्यवान पात्रे पूर्वजांना मद्य व अन्न अर्पण करण्यासाठी घडवली जात, आणि त्यांचे आकारही कामाप्रमाणे ठरलेले असत : शिजवलेल्या अन्नासाठी तीन किंवा चार पायांचे ‘डिंग’, मद्य तापवून ओतण्यासाठी तीन पायांचे ‘ज्युए’, मद्यपानासाठी उंच, सडपातळ ‘गू’. राजा वू डिंगची राणी आणि सेनानी फू हाओ हिची कबर १९७६ मध्ये आन्यांग येथे न लुटलेल्या अवस्थेत सापडली, तेव्हा तीत ४०० हून अधिक कांस्यवस्तू निघाल्या आणि त्यांपैकी सुमारे २०० विधिपात्रे होती.

या पात्रांवर वारंवार दिसतो तो ‘ताओत्ये’ नावाचा मुखवटा : रोखून पाहणारे दोन डोळे, वर शिंगे, खालचा जबडा मात्र नाही, आणि मध्यरेषेच्या दोन्ही बाजू वेगळ्या पाहिल्या तर समोरासमोर उभे असलेले दोन प्राणी. त्याच्या अर्थाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण स्वतः शांग लोकांनी तो कोठेही सांगून ठेवलेला नाही, त्यामुळे अर्थाआधी घडणीकडे पाहणे अधिक फलदायी ठरते. भारतीय ओतकामात रूढ असलेल्या मेणाच्या नमुन्याऐवजी शांग कारागीर मातीचा नमुना करीत, त्यावर ओली माती थापून तिचे तुकडे कापून काढीत, मग नमुना तासून त्याचाच गाभा करीत किंवा वेगळा गाभा घडवीत, आणि जुळवलेले तुकडे व गाभा यांमधल्या पोकळीत तांबे, कथील व शिसे यांचा रस ओतीत. नक्षी ओतण्यापूर्वीच मातीत कोरलेली असे. साच्याचे तुकडे जेथे जुळत तेथे पात्रावर शिवण उमटे. ती झाकण्यासाठी तेथे उभ्या, दातेरी पट्ट्या काढल्या जात आणि मुखवट्याची मध्यरेषाही अनेकदा तेथेच येई. या कलेची काटेकोर सममिती अशी साच्याच्या रचनेशी बांधलेली आहे, आणि तांत्रिक अडचणीचे इतके समर्थ सौंदर्यात रूपांतर प्राचीन कलेत क्वचितच आढळते.

इ.स.पू. १०४६ च्या सुमारास शांगांच्या जागी झोउ राजे सत्तेवर आले. त्यांच्या काळात मुखवटा हळूहळू मागे पडला आणि पात्रांवरचे लेख लांबत गेले. आता तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात असलेल्या ‘माओ गोंग डिंग’ या पात्राची बाहेरची बाजू काठाखालच्या एका पट्ट्याखेरीज जवळजवळ कोरी आहे, तर आत सुमारे ५०० चिन्हांचा लेख असून तोही ओतकामातच उमटवलेला आहे.