औट्रम घाटाचा पेन्शनर

चाळीसगावहून कन्नडकडे निघालेला प्रवासी डोंगर चढू लागला की त्याला औट्रम घाट लागतो. घाटाचे नाव आमच्या खानदेशात लहानथोरांच्या तोंडी आहे, आणि मालमोटारींच्या रांगांनी ते अधिकच पक्के केले. परंतु ज्याचे हे नाव, तो सर जेम्स औट्रम आयुष्याच्या अखेरीस कोठे गेला व का गेला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. निवृत्त झालेली युरोपीय माणसे थंडीला व महागाईला कंटाळून पोर्तुगाल, स्पेन किंवा थायलंडमध्ये बिऱ्हाड करतात, अशा हकिगती वाचताना आम्हांस त्याचे स्मरण होते. ही चाल आजची नव्हे.

औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात झाला. वडील बेंजामिन हे नामांकित अभियंते. १८०५ साली ते वारले आणि घराची आर्थिक घडी पार विस्कटली. विधवा आई मुलांना घेऊन पुढे स्कॉटलंडात ॲबर्डीनच्या परिसरात गेली. तेथेच जेम्सचे शिक्षण झाले. दारिद्र्यामुळे मुलूख बदलणे म्हणजे काय, हे या मुलाने लहानपणीच पाहिले होते. कंपनीच्या नोकरीत तो १८१९ साली मुंबईस उतरला, तेव्हा त्याचे वय सोळा वर्षांचे होते.

१८२५ साली त्यास भिल्लांची पलटण उभी करण्यासाठी खानदेशात पाठविण्यात आले. धरणगाव हे त्या पलटणीचे ठाणे. तेव्हाचा खानदेश उजाड होता. १८०३ च्या सुमाराचा दुष्काळ व त्यामागून आलेल्या पेंढाऱ्यांच्या धाडी यांनी गावेच्या गावे ओस पडली होती, शेतांत रान माजले होते, आणि तापाने गोरे अंमलदार आजारी पडत व मरत. औट्रमने आरंभी भिल्लांच्या वस्त्यांवर छापे घातले. त्याचे गोडवे गाणाऱ्यांना या गोष्टीचा विसर पडतो. नंतर मात्र तो त्यांच्यातच राहिला, त्यांच्यासह वाघांच्या शिकारी केल्या, आणि ज्यांच्यावर हत्यार उपसले होते त्यांच्याच हाती कंपनीची बंदूक दिली. दहा वर्षे त्याने या मुलखात काढली. त्याच सुमारास कन्नडकडे ओव्हान्स नावाचा दुसरा अधिकारी भिल्लांना जमीन, बैल व तगाई देऊन शेतीवर बसवीत होता. पलटणीतील भिल्ल शिपाई नोकरीअखेर आपल्या पाड्यावर परतू शके. त्याला परक्या मुलखात ऊब शोधण्याचे कारण नव्हते.

कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्याची गोष्ट निराळी. पंचवीस वर्षांची नोकरी, त्यांतील तीन वर्षे रजेची, एवढी भरली की हुद्द्याच्या पूर्ण पगारावर निवृत्त होता येई. पण हिंदुस्थानातील भत्ते सुटले, आणि नोकरचाकरांनी भरलेला बंगलाही सुटला. इंग्लंडात तेवढ्या पैशात जुना थाट राखणे कठीण. म्हणून १८१५ साली नेपोलियनशी झालेले युद्ध संपताच अर्ध्या पगारावरील इंग्रज अधिकाऱ्यांची कुटुंबे समुद्र ओलांडून फ्रान्सात जाऊ लागली. तेथे घरभाडे कमी, अन्न स्वस्त.

औट्रम पैशाच्या बाबतीत मोठा हट्टी. सिंधच्या स्वारीतील लुटीचा सुमारे तीस हजार रुपयांचा वाटा त्याने स्वतःसाठी ठेवला नाही, धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. बडोद्यास रेसिडेंट असताना लाचलुचपतीविरुद्ध लिहिताना त्याने आपला ‘खटपट’ हा शब्दच इंग्रजी दप्तरात नेला, आणि त्यापायी वरिष्ठांची गैरमर्जीही ओढवून घेतली. पुढे इराणची मोहीम व १८५७ चे लखनौ यानंतर त्यास १८५८ साली सरदारकी व सालिना एक हजार पौंडांचे, म्हणजे त्या वेळचे दहा हजार रुपयांचे, पेन्शन मिळाले. १८६० साली त्याने हिंदुस्थान सोडला, तेव्हा प्रकृती पार ढासळलेली होती.

मायदेशी सन्मान भरपूर झाले, परंतु चाळीस वर्षे उन्हात मुरलेल्या देहास तेथील हिवाळा सोसवेना. १८६१-६२ चा हिवाळा त्याने इजिप्तमध्ये काढला. पुढे तो फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पो या गावी गेला. १८१४ साली वेलिंग्टनचे सैन्य त्या बाजूने गेले होते. त्यातील काही अधिकारी पुढे तेथे राहावयास आले. १८४२ साली अलेक्झांडर टेलर या स्कॉटिश डॉक्टराने तेथील निवांत हवेची स्तुती करणारे पुस्तक लिहिले, आणि मग रोग्यांची व श्रीमंतांची रीघच लागली. १८५६ साली तेथे इंग्रजांचे गोल्फचे मैदानही झाले. स्वस्ताईच्या शोधात निघालेली माणसे ज्या गावी जमतात, ते गाव त्यांच्यामुळेच महाग होत जाते, हे पोने तेव्हाच दाखविले.

आणि या ‘ऊबदार’ गावाचे जानेवारीचे सरासरी तापमान सुमारे सहा-सात अंश! आमच्या धुळ्यास हिवाळ्यात एखाद्या रात्री एवढा गारठा पडला की माणसे शेकोटी पेटवितात.

सर्वांचे असे झाले नाही. खानदेशाचा पहिला इंग्रज अंमलदार आणि नव्या धुळ्याची पेठ वसविणारा कॅप्टन जॉन ब्रिग्ज इंग्लंडातच राहिला व १८७५ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ससेक्समध्ये वारला. उलट दिशेचा प्रवासही आम्ही पाहिला आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी कित्येक १९४७ नंतर इंग्लंड-ऑस्ट्रेलियास गेली. आम्ही नवखे धर्मगुरू असताना, डोळ्यांनी अधू झालेल्या एका वृद्धेस तिच्या इंग्लंडातील बहिणीची पत्रे वाचून दाखवीत असू. प्रत्येक नाताळास खोली तापविण्याच्या खर्चाची तीच तक्रार, आणि शेवटी विचारणा असे, अंगणातला निंब अजून आहे का?

औट्रमला पोमधला एक हिवाळाही पुरा लाभला नाही. ११ मार्च १८६३ रोजी तेथे त्याचा अंत झाला. देह मात्र त्या गावी ठेवला नाही. ज्या थंडीपासून तो दूर गेला होता तिच्याकडेच तो परत नेला, आणि २५ मार्च रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.