कर्करोगाच्या रुग्णात फुफ्फुसाची गाठ : शस्त्रक्रिया केव्हा?

एका अवयवाच्या कर्करोगावर उपचार सुरू असताना सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसातही गाठ दिसली, की 'आजार पसरला' असे समजून रुग्ण व नातेवाईक धीर सोडतात. मात्र, अशी प्रत्येक गाठ पसरलेल्या कर्करोगाचीच असते असे नाही. तंबाखूमुळे तोंड, घसा आणि फुफ्फुस येथे स्वतंत्र कर्करोग होऊ शकतात. क्षयाची गाठही पेट स्कॅनमध्ये तशीच उजळते. त्यामुळे शक्य असेल तेथे आधी बायोप्सी करून गाठीचे स्वरूप निश्चित करावे लागते.

त्यानंतरचा प्रश्न क्रमाचा. जीवाला तातडीचा धोका ज्या गाठीपासून असेल, तिचा उपचार प्रथम केला जातो. श्वासनलिकेतील गाठ बऱ्याचदा याच प्रकारात मोडते. श्वासमार्ग बराच अरुंद होईपर्यंत लक्षणे जाणवत नाहीत आणि जाणवली तरी ती दम्याची समजली जातात. अशा वेळी ब्राँकोस्कोपीद्वारे मार्ग मोकळा करून रुग्णाला स्थिर केले जाते. गाठ काढता येण्याजोगी असल्यास श्वासनलिकेचा तेवढा भाग कापून दोन्ही टोके जोडतात. प्रौढांत साधारण निम्म्या लांबीपर्यंतच हे शक्य होते. आधी किरणोपचार झाले असल्यास हा जोड भरून येण्यास अडथळा येतो. म्हणून सहसा शस्त्रक्रिया आधी आणि किरणोपचार नंतर दिले जातात.

दोन्ही कर्करोग स्वतंत्र आणि प्राथमिक अवस्थेतील असतील, तर दोन्हींवर पूर्ण बरे करण्याच्या उद्देशाने उपचार होतात. बहुधा शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत केल्या जातात. मोठे आतडे किंवा हाडाचा कर्करोग फुफ्फुसात पसरला असेल, तरीही निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेचा लाभ होऊ शकतो. त्यासाठी मूळ कर्करोग आटोक्यात असणे, अन्यत्र प्रसार नसणे, सर्व गाठी काढता येणे आणि उरलेले फुफ्फुस श्वसनास पुरेसे असणे आवश्यक असते.

केमोथेरपीनंतर रक्तपेशी पूर्ववत होण्यासाठी साधारण तीन ते चार आठवडे थांबावे लागते. बेव्हॅसिझुमॅबसारखे औषध चालू असल्यास ते किमान २८ दिवस आधी बंद करतात, कारण त्यामुळे जखम भरण्यास विलंब होतो. हा काळ वाया जात नाही. धूम्रपान सोडणे, श्वसनाचे व्यायाम आणि सकस आहार यांमुळे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी सक्षम होतो.

हा निर्णय एकट्या शल्यचिकित्सकाने घेण्याचा नाही. कर्करोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, छातीविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून तो घ्यावा, असा आग्रह रुग्णाने अवश्य धरावा.