वारसा, सवलत आणि धर्मांतरित : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासाची एक बाजू

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे सामान्यतः दोन अंगांनी होत आला आहे. मुद्रण, कोश, व्याकरण आणि नियतकालिके यांच्या इतिहासात मिशनऱ्यांच्या कार्याची नोंद होते. आणि काव्य व आत्मचरित्र यांच्या इतिहासात रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई यांच्या धर्मानुभवाची चर्चा होते. ह्या दोन्ही अंगांच्या मधे एक तिसरे अंग आहे आणि ते फारसे तपासले गेलेले नाही. ते म्हणजे मालमत्ता, वेतन आणि शासकीय साहाय्य यांचे, थोडक्यात द्रव्याचे. धर्म बदलणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत राज्यसंस्थेसमोर श्रद्धेचा प्रश्न म्हणून क्वचितच उभा राहिला. तो बहुधा वारशाचा किंवा सवलतीचा प्रश्न म्हणून उभा राहिला. राज्याच्या धार्मिक तटस्थतेची परीक्षा प्रार्थनामंदिरात होत नाही, ती कचेरीत होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. त्याच्या ताब्याविषयीचा दावा मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत घ्यावे की नाही यावरून जो वाद झाला, त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीचा पक्ष घेतला. हे प्रकरण प्रबोधनपर्वाच्या इतिहासात शुद्धीचे प्रकरण म्हणून सांगितले जाते. परंतु ज्ञातीतून बाहेर पडणे म्हणजे घर, पंगत आणि हिस्सा या तिन्हींतून बाहेर पडणे होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या वादाची तीव्रता समजत नाही.

१८५० चा एकविसावा कायदा नेमका ह्याच ठिकाणी हात घालतो. १८३२ च्या बंगाल रेग्युलेशनमधील तत्त्व कंपनीच्या सर्व मुलखाला लागू करून ह्या कायद्याने असे ठरविले की, धर्मांतरामुळे अथवा जातिबहिष्कारामुळे कोणाचाही मालमत्तेवरील वा वारशावरील हक्क नष्ट होणार नाही. बंगाल आणि मद्रास येथील हिंदूंनी त्याविरुद्ध अर्ज केले. त्यांचा युक्तिवाद केवळ द्वेषमूलक म्हणून बाजूला सारता येत नाही. हिंदू धर्मशास्त्रात वारसा आणि पिंडदान हे परस्परांशी निगडित आहेत. पिंड न देणाऱ्याने धन घ्यावे हे त्या व्यवस्थेच्या तर्कात बसणारे नव्हते. सरकारच्या दृष्टीने मालमत्ता ही व्यक्तीची होती. अर्जदारांच्या दृष्टीने ती पितरांचीही होती. एकाला जी तटस्थता वाटली ती दुसऱ्याला हस्तक्षेप वाटली.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावी लागते. तिच्या आधी एकच वर्ष, १८५६ मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला. त्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, मात्र पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. म्हणजे १८५० चा कायदा सांगतो की धर्म बदलला तरी हक्क जात नाही आणि १८५६ चा सांगतो की विवाह केला तर जातो. कादंबरीची नायिका विधवा होते, बाप्तिस्मा घेते आणि पुनर्विवाह करते. ह्या दोन कायद्यांच्या नेमक्या संधीवर ती उभी आहे. आपण तिला ‘पहिली कादंबरी’ आणि ‘प्रचारकी कादंबरी’ ह्या दोन शिक्क्यांमध्ये बसवून मोकळे झालो. तिच्यातील स्त्रीच्या भौतिक निराधारतेचा विचार ह्या कायदेशीर संदर्भात करावयाचे राहून गेले.

येथपर्यंतचा धर्मांतरित हा गमावण्यासारखे काही असलेला, बहुधा उच्चवर्णीय, आहे. अहमदनगर, जालना ह्या भागांत महार आणि मांग समाजांतून जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांच्यापाशी १८५० च्या कायद्याने राखावी अशी इस्टेट बहुधा नव्हती. त्यांच्या बाबतीत आक्षेपाची दिशाच उलटी होती. ब्राह्मण धर्मांतरिताने घर बुडविले असे म्हटले गेले, अस्पृश्य धर्मांतरित पोटासाठी बाटला असे म्हटले गेले. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली, ती ह्या दुसऱ्या आक्षेपाला दिलेले कृतिरूप उत्तर म्हणून पाहता येईल. जमीन आणि व्यवसाय ह्यांशिवाय नवा धर्म टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मिशनच्या पगारावर चालणारा धर्म हा प्रश्न नारायण वामन टिळकांनी आतून अनुभवला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अनेक वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. १९१७ मध्ये त्यांनी ती सेवा सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ह्या निर्णयाचे स्पष्टीकरण समीक्षेने भारतीय भक्तिपरंपरेकडे वळलेल्या कवीची परिणती असे केले आहे. ते खरेच आहे. पण ते अपुरे आहे. वेतन कोण देतो यावर साक्ष कोणाची ठरते हे अवलंबून असते, ही जाणीवही त्या निर्णयात आहे. ‘स्मृतिचित्रे’तील घरखर्चाची ओढाताण आणि टिळकांचे हातचे देऊन टाकणे आपण लक्ष्मीबाईंच्या विनोदबुद्धीचे नमुने म्हणून वाचतो. त्या विनोदाखाली आश्रित न होण्याची एक धडपड आहे, तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते.

स्वातंत्र्योत्तर राज्यघटनेने ही धडपड संपावयास हवी होती. पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. सत्ताविसाव्याने विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती होणार नाही असे सांगितले. परंतु १० ऑगस्ट १९५० रोजी निघालेल्या अनुसूचित जातीविषयक राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने, पंजाबातील चार शीख जातींचा अपवाद वगळता, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही असे ठरविले.

ह्या परिच्छेदाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १९३६ च्या ब्रिटिशकालीन आदेशातही भारतीय ख्रिस्ती वगळलेले होते. मात्र त्या वेळी त्याला एक मतदारसंघीय तर्क होता. १९३५ च्या कायद्याने भारतीय ख्रिश्चनांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. एकच मनुष्य दोन राजकीय वर्गांत मोजता येणे अडचणीचे होते. १९४९ साली घटना परिषदेने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागांची कल्पना सोडून दिली. परिषदेचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते, आणि त्यांचाही ह्या भूमिकेला पाठिंबा होता. म्हणजे वगळण्याचे मूळ कारण गेले, वगळणे मात्र राहिले. प्रतिनिधित्वाच्या हिशेबातून जन्मलेली एक तरतूद शिक्षण, नोकरी आणि अर्थसाहाय्य यांच्या हिशेबात येऊन स्थिरावली.

पुढे हा परिच्छेद १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांसाठी विस्तारला गेला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. ह्यामागे एक गंभीर युक्तिवाद आहे : अस्पृश्यता ही हिंदू समाजरचनेची निष्पत्ती असून समतावादी धर्मात गेलेल्याला तिची भरपाई मागता येत नाही. परंतु हा युक्तिवाद धर्मग्रंथाचे वचन आणि वस्तीचे वास्तव यांत गल्लत करतो. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी जे लेखन केले, त्यात ख्रिस्ती होऊनही जात सुटली नाही ह्याकडेच त्यांनी लक्ष वेधले होते.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला सूसै यांचा खटला ह्या संदर्भात मूलगामी ठरतो. अर्जदार मद्रासच्या रस्त्याकडेला बसणारा, आदिद्रविड कुळातून ख्रिस्ती झालेला चर्मकार होता. रस्त्यावर काम करणाऱ्या चर्मकारांना विनामूल्य टपऱ्या देण्याच्या योजनेत त्याला टपरी मिळाली नाही, कारण तो हिंदू नव्हता. धर्मांतरानंतर जात टिकून राहते एवढे दाखविणे पुरेसे नाही, नव्या समाजातही ती हीनता तितक्याच तीव्रतेने टिकते हे सिद्ध केले पाहिजे, असे सांगून न्यायालयाने अर्ज फेटाळला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली आणि २०२२ मध्ये ह्याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला गेला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे सव्विसावे कलमही येथे आठवते. धर्मांतरिताचा स्वतःचा वारसा त्याने राखला, परंतु धर्मांतरानंतर जन्मलेल्या आणि हिंदू नसलेल्या त्याच्या संततीला हिंदू नातलगांच्या वारशातून वगळले. १८५० च्या अर्जदारांचा पिंड आणि धन यांचा संबंध एका पिढीच्या अंतराने असा परत आला.

ही केवळ कायद्याची गोष्ट नाही. साठोत्तरी दलित साहित्याने आपली ओळख प्रामुख्याने बौद्ध जाणिवेच्या आधारे घडविली; ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासाने आपला केंद्रबिंदू धर्मानुभवात ठेवला. दलित ख्रिस्ती मनुष्य पहिल्या यादीत ख्रिस्ती म्हणून आणि दुसऱ्या यादीत दलित म्हणून बाहेर राहतो. समीक्षेने केलेले हे वर्गीकरण १९५० च्या आदेशाशी इतके मिळतेजुळते असावे, ही आपल्यासाठी संकोचाची बाब आहे. राष्ट्रपतींच्या आदेशातील परिच्छेद बदलणे संसदेच्या हाती आहे. वाङ्मयेतिहासातील परिच्छेद मात्र आपल्याच हातचा आहे, आणि तो बदलण्यासाठी कोणत्याही आयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही.