लोकलहोस्ट म्हणजे कुणाचं घर?

परवा रात्री अकराला भाच्याचा फोन. "मामा, येतोस का? डेटाबेस चालू आहे, तरी कोड म्हणतोय कनेक्शन रिफ्यूज्ड." नोकरी नवी, सकाळी काम दाखवायचं. ताईचं घर शहाड स्टेशनच्या पलीकडे, गेलो चालत.

लॅपटॉपवर पोस्टग्रेस व्यवस्थित सुरू होतं. पण कोड लॅपटॉपवर नव्हताच! तो क्लाउडमधल्या कंटेनरमध्ये चालत होता आणि डेटाबेसचा पत्ता दिला होता लोकलहोस्ट.

मंडळी, आमच्या लहानपणी मे महिन्यात सेंच्युरी रेयॉनच्या कामगारांची सगळी पोरं "गावी चाललो" म्हणायची. कुणाचं गाव खानदेशात, कुणाचं साताऱ्याकडे, कुणाचं कोकणात. लोकलहोस्ट हा तसाच शब्द, जो म्हणेल त्याचं घर. १२७ ने सुरू होणारा हा पत्ता यंत्राबाहेर दिसता कामा नये, असं १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये लिहून ठेवलंय. तेव्हा एक यंत्र म्हणजे एक घर. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि एकाच यंत्रात दहा बिऱ्हाडं झाली, प्रत्येकाचं लोकलहोस्ट वेगळं. भाच्याचा कोड स्वतःच्याच रिकाम्या खोलीत ५४३२ नंबरचं पोर्ट शोधत होता.

त्याने नेटवर एक उपाय वाचला होता. पोस्टग्रेसला सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावायचं, पासवर्ड विचारणं बंद करायचं आणि राउटरमधून वाट मोकळी करायची. म्हटलं, थांब बाबा! पोस्टग्रेस पूर्वी आपणहून नेटवर्कवर ऐकायचंच नाही. २००५ च्या ८.० आवृत्तीपासून ऐकायला लागलं, तेही फक्त घरातल्या घरात. तो अडाणीपणा नव्हे. जानेवारी २०१७ मध्ये बिनपासवर्डाचे, जगाला उघडे असलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस चोरांनी पुसले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्याच वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबीही मुळात लोकलहोस्टपुरतंच ऐकू लागलं. (हे ऐकून भाचा जरा गप्प झाला.)

असो. क्लाउडमध्येच कोडशेजारी पोस्टग्रेसचा दुसरा कंटेनर उभा केला, लोकलहोस्ट खोडून त्याचं नाव लिहिलं. दीड वाजता जोडणी झाली, ताईने चहा टाकला.

टेबलं मात्र रिकामी.. डेटा शहाडलाच राहिला होता! पीजी-डंपने तो उचलून वर नेईपर्यंत अडीच वाजले.